अर्धेलीने दिलेलं इंग्रजी

आमच्या मोखाड्याच्या डोंगरात लोक शेळी राखणीला देतात, रेडकू देतात, फारच गळ्याशी आलं तर कोंबडीसुद्धा देतात. पण अख्खी इंग्रजी भाषा राखणीला दिलेला माणूस मी एकच पाहिला. लहानू खुताडे. पोशेऱ्याच्या पुढे डांबर जिथे दमून खाली बसतं, तिथून पायवाटेने वर चढलं की त्याचा पाडा. खोडाळ्याकडच्या ज्या आश्रमशाळेत मी पोरांना लंगडी आणि खो-खो शिकवतो, तिथे तो इंग्रजी शिकवायचा. तासिकेवर. म्हणजे जितके तास फळ्यापुढे उभा, तितक्याच तासांचा मास्तर. उरलेल्या वेळात तो कोण, हे सरकारलाही सांगता आलं नसतं.

उंची अशी की शाळेच्या पडवीत शिरताना तो आधी वाकायचा आणि पडवी नंतर यायची. श्रावणात ढग खाली उतरले की आम्हाला तो कमरेपर्यंतच दिसायचा. वरून नुसता आवाज यायचा, ‘गुड मॉर्निंग!’ पोरं त्या ढगालाच ‘गुड मॉर्निंग, सर’ म्हणायची. ज्याला हे पटत नसेल त्याने श्रावणात आमच्याकडे यावं, आणि येताना कोरडे कपडे आणावेत.

तासिकेवरच्या माणसाला कायम व्हायचं तर परीक्षा द्यावी लागते आणि त्या परीक्षेत इंग्रजीचा भाग असतो. लहानूला इंग्रजी येत नव्हतं असं मुळीच नाही. पोरांना पुरेल इतकं येत होतं. गाय चार पायांची, राजा एके काळी होता, राम बाजारात जातो. पण परीक्षेतला राम साधा बाजारात जातच नाही. तो नाखुशीने जातो, डौलात जातो, लपतछपत जातो, नाहीतर उगाच रेंगाळत जातो. यातल्या प्रत्येक चालीला इंग्रजीत निराळा शब्द, त्या शब्दाला चार सख्खे, सहा चुलत आणि दोन वैरी. खाली पर्याय दिलेले. योग्य तो निवडा. लहानू दरवर्षी बाकीचे डोंगर धडाधड चढायचा आणि या इंग्रजीच्या उंबऱ्याशी येऊन ठेच खायचा.

आता ठेचा खायलाही वय लागतं. त्या वर्षीची परीक्षा वयाच्या अटीत बसणारी त्याची शेवटची होती. ती गेली की दार बंद, कडी आतून.

आणि दाराबाहेर त्याची बायको उभी होती. यमुना. तासिकेचं मानधन आमच्याकडच्या एसटीसारखं. येणार हे नक्की, कधी ते ड्रायव्हरलाही ठाऊक नाही. त्यामुळे दिवाळी झाली की यमुना आपल्या भावाबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची, ती पावसाच्या तोंडावर परत. नवरा शाळेत इस्त्रीचा शर्ट घालून ‘स्टँड अप, सिट डाउन’ करतोय आणि बायको डोक्यावर विटा वाहतेय. पाड्यावर याच्याबद्दल लोक काय काय बोलत ते मी लिहीत नाही, कागद फाटेल. यमुना स्वतः एकच वाक्य बोलायची.

‘तुजी ऑर्डर आली का मी भट्टीला पाय लावणार नाय.’

‘पुढच्या दिवाळीला तू घरी,’ लहानू म्हणायचा.

हे तो प्रत्येक दिवाळीला म्हणायचा. फक्त त्या वर्षी हे वाक्य वापरायची शेवटची वेळ आहे, हे दोघांनाही माहीत होतं.

शब्द पाठ करायचे म्हणून लहानूने जे जे केलं त्यावर एखाद्याने पुराण लिहावं. आधी त्याने डिक्शनरी आणली. विटेएवढी जाड. रोज देवाला हात जोडून तिचं एक पान वाचायचा. पण कुडाच्या भिंतीला लागून ठेवली होती, तिथे वाळवी होती, आणि वाळवीची वाचण्याची गती लहानूपेक्षा चांगली. हा ‘डी’पाशी पोचला तेव्हा ती शेवटून सुरुवात करून ‘एम’पर्यंत आलेली. मग त्याने दिसेल त्या वस्तूवर चिठ्ठ्या चिकटवल्या. कणगीवर, जात्यावर, म्हशीच्या कपाळावर. म्हशीने आपली चिठ्ठी खाल्ली आणि म्हणे दोन दिवस दूध दिलं नाही. मग त्याने जाडजूड गाईड आणलं, त्यावर सोनेरी अक्षरांत ‘प्रगत इंग्रजी शब्दसंपदा’ असं छापलेलं होतं. त्यातले शब्द संध्याकाळी डोक्यात कोंडायचे आणि सकाळी उठून बघावं तर दावं तोडून पळालेले.

‘अरे, डोकं आहे का कुंपण नसलेलं शेत?’ मी त्याला म्हटलं.

‘डोक्याला दोष नाही,’ तो गंभीरपणे म्हणाला. ‘एकट्याच्या अंगणात किती जनावरं राहणार?’

आणि तिथेच त्याला ते सुचलं. त्याचा बाप जन्मभर लोकांच्या शेळ्या अर्धेलीने राखत आलेला. ज्याच्याकडे शेळ्या जास्त आणि माणसं कमी, तो एक शेळी दुसऱ्याच्या दारात बांधतो. राखणाऱ्याने चारायची, पाजायची, बिबट्यापासून जपायची. पिल्लं झाली की निम्मी धन्याची, निम्मी राखणाऱ्याची. कागद नाही, सही नाही, सगळा व्यवहार तोंडी, आणि एक शेळी कधी कुणी बुडवलेली आमच्या डोंगरात ऐकिवात नाही. लहानूने ठरवलं, शब्द असेच द्यायचे.

दुसऱ्या दिवसापासून तो पाड्यातल्या एकेका घरी एकेक शब्द बांधत सुटला. रघ्याचा बैल हेकट, नांगराला जुंपला की खाली बसणारा. रघ्याला दिला ‘ऑब्स्टिनेट’. भिवरीकाकीचा जावई आला की ताटातल्या प्रत्येक पदार्थाला नाव ठेवायचा. नागलीची भाकर जाड, उडदाची आमटी पातळ, चटणी तिखट, पाणी फिकं. काकीला दिला ‘फास्टिडिअस’. म्हणजे ज्याला काही म्हणजे काही पसंत पडत नाही तो. काकीने तो शब्द तोंडात घोळवला, खारकेसारखा चावला आणि म्हणाली, ‘जावायाला शोभंल.’

नियम असा होता. लहानू शाळेत जाता-येता ज्याच्या अंगणावरून जाईल त्याने आपला शब्द मोठ्याने पुकारायचा. लहानूने चालता चालता अर्थ सांगायचा, एक वाक्य करायचं आणि त्या शब्दाचा एक भाऊबंद तिथे सोडून जायचा. ते पिल्लू. दोन पिल्लं झाली की एक राखणाऱ्याचं, एक लहानू नेऊन दुसऱ्या दारात बांधणार. अर्थ चुकला, तर त्या घरचं एक काम करायचं, सबब चालणार नाही.

सबब कुणी ऐकणारच नव्हतं. त्या पाड्याला पाऊस पडेपर्यंत पाणी खाली ओहोळात, चढ असा की रिकामा हंडासुद्धा वर यायला कुरकुरतो. भिवरीकाकीच्या पटकन लक्षात आलं की मास्तर चुकला की पाणी घरपोच येतं.

‘मास्तर, ह्यो फारच सोपा झाला,’ ती म्हणायची. ‘मना यापरास अवघड दे.’

‘काकी, आधी दिलेला नीट राख.’

‘राखते ना. पण त्याला जोडीला एक मारका दे.’

पाऊस लांबलेल्या त्या ज्येष्ठात लहानूने इतकं पाणी वाहिलं की ओहोळ आटला तो उन्हाने नव्हे, लहानूच्या चुकांनी, असं रघ्या आजही शपथेवर सांगतो. पण श्रावण येईपर्यंत पाणी बंद झालं. लहानू चुकेचना. सकाळी तो टेकडी उतरायला लागला की दोन्ही अंगांनी हाका सुरू. ओट्यावरून, खाचरातून, झाडावरून. ‘ऑब्स्टिनेट!’ ‘फास्टिडिअस!’ ‘मेटिक्युलस!’ आणि हा लांब टांगा टाकत, छत्री फिरवत उत्तरं देत चाललाय, जसा काही राजा मुजरे घेत निघालाय. अर्धवट भिजलेली शाळेची पोरं त्याच्या मागे. मी मोटरसायकल बंद करून हे ऐकत उभा राहायचो. चिखलात भाताची आवणी करणाऱ्या बाया कमरेत वाकलेल्या, वर न बघता शब्द टाकतात, आणि तो वरच्या वर झेलला जातो.

त्याच पावसात एक तपासणीचे साहेब पाड्यावर आले. शौचालयं मोजायला की घरकुलं, ते विसरलो. गाडीतून उतरले, चिखल बघितला, रुमाल नाकाला लावला, काकीचा चहा ‘साखर जास्त आहे’ म्हणून ठेवला, घोंगडी ‘टोचते’ म्हणून बसले नाहीत. काकीने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाली, ‘फास्टिडिअस.’

साहेब दचकले. बरोबरच्या कारकुनाला त्यांनी कानात विचारलं. कारकुनालाही येईना. शेवटी साहेबांनी मोबाइल काढला. आमच्याकडे रेंज फक्त वडाच्या वरच्या फांदीला असते. अर्थ न कळता ते परत गेले, आणि जाताना काकीला नमस्कार करून गेले. त्यानंतर पाड्यावर कुणी आलं की काकी आधी त्याचं निरीक्षण करायची, मग ठरवायची.

आमचे मुख्याध्यापक मात्र या प्रकाराला हसायचे. गोरेगोमटे, जव्हारच्या बाजारात घर, बोलणं तोलून.

‘खुताडे सर, शब्द असे अंगणात बांधून परीक्षा पास होत नसते. बसून अभ्यास करावा लागतो.’

‘बसलो की शब्द झोपतात, सर. चाललो की जागे.’

‘मग परीक्षेला चालत चालत बसा!’ आणि शिक्षकांची खोली हसली. लहानूही हसला. तेव्हा त्याला हसणं परवडत होतं. पाऊस संपायच्या आत परीक्षा होणार होती, आणि त्या पावसाळ्यात त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने शब्दाचा अर्थ, त्याचा सख्खा, त्याचा चुलत आणि त्याची सासुरवाडी सांगितली असती.

परीक्षा पुढे ढकलली गेली. का, ते कुणी सांगत नाही. ढकलली एवढंच कळतं. नवी तारीख दिवाळीनंतरची. मी त्याचं सांत्वन करायला गेलो तर हा खूश. ‘आणखी वेळ मिळाला. कळप वाढवतो,’ म्हणाला.

डोंगरात जन्मलेला माणूस, वाढलेला डोंगरात, स्वतःची बायको दरवर्षी ट्रकमध्ये बसवून देणारा. त्याच्या लक्षात येऊ नये? पण शेळ्यांची राखण करणारा बाप घरीच राहणारा होता. अर्धेलीचा हिशेब त्याने बापाकडून घेतला, आणि दिवाळीनंतर पाड्याचं काय होतं हे दरवर्षीचंच म्हणून डोळ्यांआड राहिलं. वाघबारशीला लोक नाचले, दिवाळी झाली, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मुकादमाचा ट्रक पायथ्याशी आला. हंडे, गोधड्या, कोंबड्या, पोरं वर चढली. यमुना चढली. भिवरीकाकी नातवंडं सांभाळायला म्हणून चढली. रघ्या दुसऱ्या ट्रकने दुसऱ्या भट्टीला गेला. आणि त्यांच्याबरोबर अख्खं इंग्रजी गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला शाळेत न्यायला पायथ्याशी थांबलो होतो. वरून हाका नाहीत. छत्री बगलेत मारून लहानू उतरत होता, आणि प्रत्येक अंगणाशी थांबत होता. कुडाच्या दारांना आडवी काठी लावलेली. ओट्यावर एखादं कुत्रं. मग माझ्यापाशी आला.

‘रघ्याच्या दारातला कुठला होता रे?’ त्याने मला विचारलं.

‘तो बैलाचा? तो... थांब, सांगतो.’

मलाही आठवेना! कित्येक महिने रोज ऐकलेला शब्द.

‘बैल दिसतोय,’ लहानू म्हणाला. ‘बसलेला दिसतोय. रघ्या शिव्या देताना दिसतोय. पण शब्द रघ्याच्या तोंडात आहे.’

गाईड होतं की. त्याने ते उघडलं. शब्द तिथेच होते, ओळीने उभे, पण ओळख देईनात. परक्या गावच्या बाजारात आपलीच शेळी दिसावी आणि तिने मान फिरवावी, तसं. तो पान पान वाचायचा, पुस्तक मिटायचा आणि पाटी कोरी. शाळेत वर्गावर उभा राहून मध्येच गप्प व्हायचा. पोरं वाट बघत बसायची. जेवणं कमी झालं. उंची होतीच, आता नुसती उंचीच उरली. परीक्षा जवळ येत चालली तसा तो रिकाम्या घरांपुढे उभा राहून स्वतःच हाका मारायला लागला. ‘काय गं काकी, कुठला गं तुझा?’ पाड्यावर राहिलेली म्हातारी माणसं कुजबुजायला लागली की मास्तराला काही लागलंय, भगताला दाखवा.

एका रविवारी तो म्हणाला, ‘मोटरसायकल काढ. वळवून आणायला जाऊ.’

आम्ही वाडा गावावरून भिवंडीकडे उतरलो. उतरता उतरता हवा जाड होत गेली. भट्ट्या म्हणजे काय ते मी लांबून पाहिलं होतं. जवळून पहिल्यांदा पाहिलं. मैलोन् मैल जमीन सोललेली, वर तपकिरी धूर, आणि कमरेएवढ्या झोपड्या, ज्यांत माणूस फक्त झोपण्यासाठी लहान होतो. लहानू इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. चिखल थापणाऱ्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, ‘आरं, मास्तर!’ आणि हातातले साचे टाकून पाडा गोळा झाला. मला वाटलं, जिंकलो.

भिवरीकाकीने त्याच्या गालांवरून मातीचे हात फिरवले आणि आपला शब्द खणखणीत दिला. तिचा अगदी धष्टपुष्ट होता, मुकादमावर रोज वापरात. पण बाकीच्यांचं तसं नव्हतं. एकाने खूप आठवलं, डोकं खाजवलं, मग ओशाळून म्हणाला, ‘मास्तर, इथं शेठची हिंदी लागते. दिवसभर “जल्दी”, “उठा”, “ला”. त्यात तुजा शब्द कुठं बांधू? गेला सुटून.’ दुसरीला अर्धाच आठवत होता, शेपटी तेवढी. तिसरा तर रडकुंडीला आला. कुणाची शेळी आपल्या हातून मेली की आमच्याकडे माणूस जसा धन्यापुढे उभा राहतो, तसा खाली मान घालून उभा.

‘असू दे,’ लहानू म्हणत होता. ‘असू दे, असू दे.’

तेवढ्यात भट्टीच्या उतारावरून बायांची रांग आली. डोक्यावर पाटी, पाटीवर विटांची चळत. त्यात यमुना. तिने त्याला पाहिलं. थांबली नाही, थांबलं तर मागची रांग थांबते. विटा ओतल्या, पाटी उलटी केली, पदराने तोंड पुसलं आणि मग आली.

‘रविवार हाय म्हनून आलास?’

‘शब्द...’ लहानू म्हणाला, ‘शब्द न्यायला आलो.’

‘शब्द न्यायला,’ यमुना म्हणाली. रागावली नाही. नुसतं त्याच्याकडे, मग त्याच्या शर्टाकडे बघत राहिली. ‘मना वाटला, मनाच न्यायला आला.’

मी गप्प बसणारा माणूस नाही. मयताच्या घरीसुद्धा माझ्या तोंडून काहीतरी निसटतंच. पण तिथे मी मोटरसायकलच्या चाकातली हवा तपासू लागलो, आणि बराच वेळ तपासत राहिलो.

लहानू म्हणाला, ‘परीक्षा झाली की नेतो.’

‘बरं,’ म्हणाली, आणि पाटी घेऊन रांगेत गेली.

पुढचे सगळे रविवार आम्ही भट्ट्या धुंडाळल्या. रघ्या सापडला, त्याचा ‘ऑब्स्टिनेट’ सापडला. लहानूने त्याला मिठी मारली तेव्हा रघ्याला वाटलं, घरी कुणी वारलं. एकेक करून बहुतेक कळप जमा झाला. ज्यांचे हरवले त्यांना त्याने गाईडमधून नव्याने दिले, तिथेच चिखलात उभं राहून, आणि पुढच्या रविवारी परत जाऊन पुकारून घेतले. आठवडाभर शाळा, रविवारी भट्टी. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. पण परीक्षेच्या दिवशी पहाटेच्या एसटीने आम्ही नाशिकला निघालो तेव्हा त्याने मला सगळे शब्द म्हणून दाखवले. घाटात एक नाही, दोन नाही, सगळेच्या सगळे. पुढच्या बाकावरचा टपालवाला मागे वळून म्हणाला, ‘साहेब, तुमचा नंबर पहिला.’ मीही पैज लावली असती.

मी केंद्राबाहेर वडापावच्या गाडीवर थांबलो. पोरं-पोरी बाहेर आली, हसत, रडत, मोबाइल लावत. लहानू सगळ्यांत शेवटी. कुंपणापाशी येऊन उभा राहिला.

‘अवघड होतं?’

‘नाही.’

‘आले ना शब्द?’

‘सगळे आले.’

‘मग?’

तो कुंपणाच्या गजाला धरून बोलत होता, माझ्याकडे न बघता. ‘कॉम्प्युटरच्या पडद्यावर एका कोपऱ्यात घड्याळ उलटं चालतं. पहिलाच प्रश्न काकीचा. शब्द बघितला की मी काकीच्या ओट्यावर. आता काकीच्या ओट्यावरून नुसता अर्थ घेऊन उठता येतं का? ती म्हणते बस. जावयाचं सांगते. मी उठलो, उत्तर निवडलं, बरोबर निवडलं. पुढचा रघ्याचा. बैल उठेपर्यंत मला तिथून हलता येईना. प्रत्येक शब्दाच्या घरी जाऊन यावं लागलं. आणि तिथली घरं बंद. काठी काढायची, आत जायचं, मग आठवायचं की माणूस भट्टीवर आहे, मग भट्टीवर जायचं... यमुना दिसली. पाटी घेतलेली. तिच्याकडे तर कुठलाच शब्द नव्हता. तरी दिसली. मी तिथे उभा राहिलो. मग पडदा मिटला.’

‘किती राहिले?’

‘बरेच.’

मी वडापाव पुढे केला. त्याने घेतला आणि परतीच्या प्रवासभर हातातच ठेवला.

निकालात काही नवीन नव्हतं. जूनमध्ये आमच्याकडे इंग्रजीला एक मुलगी कायम म्हणून आली. परीक्षा पास झालेली, हुशार, पोरांना जीव लावणारी. तिला कोण बोल लावणार? पण कायम शिक्षक आला की तासिका संपतात. मुख्याध्यापकांनी लहानूला खोलीत बोलावून घेतलं, खुर्ची दिली, चहा मागवला. त्या दिवशी ते हसले नाहीत, उलट फार वेळ चष्मा पुसत राहिले. मला ते हसले असते तर बरं वाटलं असतं.

पावसात लहानू खाचरात उतरला. पाड्यातली माणसं भट्टीवरून परत आलेली होती, आणि राखण अजून त्यांच्याकडे होतीच. पहिल्या दिवसांत बाया आवणी करता करता शब्द पुकारायच्या. तो उत्तर द्यायचा, पण वाक्य करत नसे. मग अर्थही अर्धा सोडायचा. मग नुसता ‘हं’ म्हणायचा. लोक समजले. चुकला तर पाणी आणायला लावायचा नियम होता. उलट त्याच्याच दारात कुणीतरी न सांगता भरलेला हंडा ठेवून जायला लागलं. रस्त्यात भेटला की मी त्याला अचाट गोष्टी सांगायचो. त्याला पूर्वी आवडणाऱ्या, बिबट्याने माझ्याकडे बिडी मागितली असल्या. तो शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, ‘जातो रे, चिखलणी राहिलीय.’

दिवाळी झाल्यावर खोडाळ्याच्या बाजारच्या दिवशी मी सुकी मासळी घेत होतो. नाक्यावर ट्रक उभा होता. हंडे, गोधड्या, कोंबड्या, पोरं. आणि सगळ्यांच्या वर, हौद्यात उभा, दोराला धरून लहानू. अंगात जुना, मळका सदरा. मी मासळी तशीच टाकून धावलो.

‘लहानू! अरे, कुठं?’

‘भट्टीला,’ म्हणाला. जसं काही मी विचारलं, कुठला वार आज.

‘अरे, खासगी क्लास काढ. जव्हारला मी खोली बघतो. पोरं येतील, मी पोरं आणतो...’ मी काय काय बोलत होतो. पूर्वी त्याने याच्यातलं अर्धं तरी खरं मानलं असतं.

‘हिच्याबरोबर जातो,’ तो म्हणाला. ‘दोघांनी विटा थापल्या तर लवकर उरकतं.’

यमुना त्याच्या पायाशी बसून कोंबडीचे पाय बांधत होती. तिने वर पाहिलं नाही. रघ्याही त्याच ट्रकमध्ये होता. सगळ्यांना हसवावं म्हणून असेल, किंवा खरंच विचारायचं असेल, तो म्हणाला, ‘मास्तर, मग आमच्या दारातल्या शेळ्यांचा काय करायचा? परत नेतोस का?’

‘कापा अन् खा,’ लहानू म्हणाला.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली, सगळा ट्रक थरथरला, आणि त्या आवाजात, गोधडीच्या ढिगावर बसलेल्या भिवरीकाकीने, सवयीने म्हणा की न राहवून म्हणा, हाक मारली, ‘फास्टिडिअस!’

पूर्वी हा शब्द तिच्या तोंडातून पुरता निघायच्या आत झेलला जायचा. आता तो तसाच लोंबकळत राहिला. पोरं लहानूकडे बघत होती. मी बघत होतो. तो समोर रस्त्याकडे बघत उभा होता, आणि त्याने ऐकलं की नाही तेही कळेना.

‘ज्याला काय पन पसंत पडत नाय तो,’ खालून यमुना म्हणाली, कोंबडीच्या पायांची गाठ दाताने आवळत. मग नवऱ्याच्या पोटरीवर चापट मारली. ‘बस खाली. पडशील.’

ट्रक हलला. आणि आमच्या साऱ्या तालुक्यात कुठूनही दिसणारा तो माणूस गुडघे दुमडून खाली बसला, फाळक्याआड, दिसेनासा.